दोन टेबलं, सहा हात : साताऱ्यातल्या मसाज प्रॅक्टिसच्या नोंदी

३ जून २०२५

मे महिन्याचा हिशोब काल रात्री काढला. पैसे बरे आलेत, खोटं कशाला बोला, पण नीट बघितलं तर सगळं माझ्या दोन हातांवर चाललंय आणि हात बसले की दुकान बसलं. सुट्ट्यांमुळे पुण्या-मुंबईची मंडळी गावाकडं आलेली, त्यात लग्नसराई, रोज सहा-सात जण व्हायला लागले आणि शेवटच्या आठवड्यात रात्री भाकरी थापताना उजव्या अंगठ्याच्या बुडाशी कळ यायला लागली. या धंद्यातली कितीतरी माणसं या अंगठ्यापायीच धंदा सोडतात. माझ्याबरोबर पुण्याला कोर्स केलेल्या दोघीतिघी आता पार्लर नाहीतर इन्शुरन्स करतायत.

तर जानेवारीपर्यंत करायचं ते असं. मी स्वतः दिवसाला चार, फार तर पाच जणांना हात लावायचा, त्यावर नाही, आणि तरी महिन्याची कमाई मे पेक्षा कमी दिसता कामा नये. म्हणजे माणूस लागणार, दर बघायला लागणार आणि आलेलं माणूस परत आलं पाहिजे. नवीन गिऱ्हाईक आणायला जेवढी उठाठेव लागते तेवढ्यात जुनी चार सांभाळून होतात.

सध्याचं लिहून ठेवते. राधिका रोडला पहिल्या मजल्यावर दोन खोल्या, एक टेबल, तासाला सातशे, घरी जाऊन केलं तर वर दोनशे. उद्यम रजिस्ट्रेशन झालेलं आहे (आधारवर होतं, फुकट आहे, कुणी फी मागितली तर सरळ निघून या). दुकान कायद्याखाली आमच्याएवढ्या लहान जागेला नुसती ऑनलाइन सूचना द्यावी लागते, ती दिलीये.

११ जून

दुसरं टेबल सुतारकाकांकडून करून घेतेय. बाहेरून मागवलेलं घडीचं टेबल घरी न्यायला बरं पण रोज आठ तास वापरायला डगमगतं, आणि जड माणूस कुशीवर वळला की कर्रर्र करतं, मग तो माणूस सगळा तास अंग चोरून पडतो. असं अंग चोरलेल्या माणसाला मसाज करून काय उपयोग.

उंचीवरून काकांशी बराच वाद झाला. सरळ उभं राहायचं, हात सोडायचे, मूठ वळायची, मुठीची बोटं जिथं टेकतील ती टेबलाची उंची. माझी सव्वीस इंच आली. काका म्हणाले, ताई एवढं बुटकं? जेवायला बसताय का यावर? पण उंच झालं की खांद्यानं दाबावं लागतं आणि जास्तच खाली गेलं की कंबर जाते, बरोबर असलं तर अंगाचा भार आपसूक उतरतो, अंगठा कमी आणि कोपर, मनगटाच्या वरचा भाग जास्त वापरता येतो. नवीन येणारा मुलगा माझ्यापेक्षा बराच उंच आहे, म्हणून पायांखाली घालायला चार-चार इंचाचे ठोकळे पण सांगितले. रुंदी अठ्ठावीस इंच, फोम तीन इंचाचा पण कडक. सोफ्याचा मऊ फोम घेतला की माणूस आत रुततो आणि आपला निम्मा जोर फोमच खातो. तोंडासाठीचं भोक का पाहिजे हे काकांना शेवटी स्वतःला पालथं झोपवूनच पटलं.

२० जून

मुलगा आला. ओळखीच्या पैलवानांचा पुतण्या, तीन-चार वर्षं तालमीत काढलेली, गुडघ्यानं दगा दिला म्हणून कुस्ती सुटली. तालमीत रोजची मालिश असतेच, पोरं एकमेकांची करतात, त्यामुळे हाताला दम भरपूर आहे. चोळणं, मळणं, थापटणं त्याला सगळं येतं, कोर्समध्ये हेच फ्रेंच नावांनी शिकवतात. प्रॉब्लेम एकच, त्याच्या हाताखाली आजवर फक्त पैलवान आलेत.

पहिल्या दिवशी आमच्या अहोंना टेबलावर घातलं. पाच मिनिटांत आतून आवाज, "अगं सांग की याला, मी बँकेत आहे, लाल मातीत नाही!"

मग नियम घातला, दर थोड्या वेळानं विचारायचं, दहापैकी किती? सहाच्या वर गेलं की हात हलका करायचा. दुखतंय म्हणून माणूस श्वास धरतो, श्वास धरला की स्नायू आखडतो, आणि आखडलेल्या स्नायूवर आपण अजून जोर लावतो, म्हणजे दोघंही दमणार. सातारकरांचं मात्र उलटंच असतं, "जरा जोरात दाबा की, पैसं दिल्यात न्हवं?" त्यांना सांगायचं की उद्या सकाळी उठल्यावर सांगा कमी वाटलं का, मग पुढच्या वेळी वाढवू.

पगाराचं असं ठरलं, दरमहा ठरावीक नऊ हजार आणि प्रत्येक सेशनमागे तीस टक्के. नुसत्या टक्केवारीवर ठेवायचं सगळे सुचवत होते, मालकाला सोयीचं पडतं म्हणून. पण नुसत्या टक्क्यावर असलेला माणूस कुणालाच परत पाठवत नाही, ताप असला तरी, पायावर जखम असली तरी, कारण परत पाठवलं की त्याचे स्वतःचे पैसे जातात. मला नाही म्हणू शकणारा माणूस पाहिजे.

पुरुषांना तोच हात लावणार, बायकांना मी. याला अपवाद नाही, नवराबायको एकत्र आले तरी.

२८ जून

परवा माऊलींची पालखी लोणंद मुक्कामी होती. कॉलनीतली मंडळी दरवर्षी सेवेला जातात, यंदा मी आणि तालमीतला मुलगा दोघंही गेलो, तेलाचा डबा, टॉवेल, पाण्याचे दोन टब घेऊन रस्त्याकडेला बसलो. वारकऱ्यांचे पाय चेपायला खूप लोक बसतात, त्यात नवीन काही नाही. पण आपल्या कामाच्या नजरेनं बघितलं तर पाय म्हणजे पुस्तक आहे. आळंदीपासून चालत आलेली माणसं, कुणाच्या घोट्याला सूज, कुणाच्या चवड्यावर फोड, कुणाच्या टाचेला अशी भेग की करंगळीचं नख आत जाईल.

मुलाला आधीच सांगितलेलं, तेल लावायच्या आधी पाय धुवायचा, पुसायचा आणि उजेडात तळवा बघायचा. आणि शुगर आहे का विचारायचंच. एका आजोबांच्या अंगठ्याखाली फोड फुटून लाल मांस दिसत होतं आणि त्यांना पत्ताच नव्हता, म्हणाले कुठं काय? वीस वर्षांची शुगर. अशा पायाला गरम पाणी नाही, चोळणं नाही, स्वच्छ करून कोरडी पट्टी लावायची आणि मेडिकलच्या तंबूत पाठवायचं. बोटांच्या बेचक्यात पण तेल सोडायचं नाही, पावसानं आधीच तिथं कातडी पांढरी पडलेली असते.

आज्या पाय पुढं करायला तयार नसतात. "तू लेकीसारखी, तुझ्या हातनं पाय कसे चेपून घेऊ?" म्हटलं लेकीनं नाही चेपायचे तर कुणी? मग सोडले पाय पुढं.

मला जे महिनाभर सांगून जमलं नसतं ते मुलाला तिथं एका दुपारीत आलं. सत्तर वर्षांच्या सुजलेल्या पोटरीवर कुणी पैलवानी जोर लावतच नाही, हात आपोआप हलका होतो, घोट्याकडून गुडघ्याकडं, वरच्या दिशेनं. कुणीतरी म्हणालं सेंटरची कार्डं वाटा की इथं, हजारो लोक आहेत. नाही वाटली. तिथं वाटायची गोष्ट नाही ती.

१५ जुलै

पाऊस. चादरी वाळत नाहीत. या धंद्याबद्दल लोक तेल, सुगंध, मंद संगीत वगैरे बोलतात, खरा धंदा धुण्याचा आहे. एका माणसामागे एक चादर, दोन टॉवेल, तोंडाखालचं कापड. रोज आठ माणसं धरली तर पावसाळ्यात साताऱ्यात हे वाळवायचं कुठं? यवतेश्वराच्या बाजूनं ढग उतरला की दोन-दोन दिवस सूर्य नाही.

त्यात आमचं तेल लाकडी घाण्यावरचं तिळाचं. अंगाला उत्तम, कापडाला शत्रू. साबणानं वरवर धुतलं की तेल आतच राहतं, आठवड्यानं चादरीला खवट वास, आणि टेबलावर पालथ्या पडलेल्या माणसाचं नाक बरोब्बर तिथंच. आता पद्धत अशी बसवलीये: वापरलेलं कापड लगेच धुण्याच्या सोड्याच्या कडकडीत पाण्यात घालायचं, रात्रभर, मग मशीनला गरम पाण्यावर. चादरी सगळ्या गडद मरून घेतल्या, पांढऱ्या दिसायला छान पण एका महिन्यात पिवळ्या.

ड्रायर घ्यावा का, विचार चालू आहे. घेतला तर एक गोष्ट पाळायची, तेल पूर्ण निघाल्याशिवाय कापड ड्रायरमध्ये घालायचं नाही आणि गरम गरम काढून घडीचा ढीग करून ठेवायचा नाही. तेलकट कापडाचा गरम ढीग आतल्या आत तापत जातो आणि पेट घेऊ शकतो, लाँड्र्यांना अशा आगी लागलेल्या आहेत. तोपर्यंत गॅलरीत दोऱ्या आणि खोलीत पंखा, घर म्हणजे धोबीघाट झालंय, सासूबाई रोज एक वाक्य ऐकवतात.

२ ऑगस्ट

फोनचा विषय. गूगलवर प्रोफाइल टाकल्यापासून चौकश्या वाढल्यात पण त्यातल्या काही कसल्या असतात ते हा धंदा करणाऱ्या प्रत्येक बाईला माहिती आहे. "लेडीज स्टाफ आहे का?" "अजून काय काय सर्व्हिस आहे?" "रात्री उशिरा चालू असतं का?" सुरुवातीला मी संतापून भांडत बसायची, आता अजिबात नाही, वेळ जातो.

त्याऐवजी बुकिंगची पद्धतच बदलली. पहिल्यांदा येणाऱ्यानं नाव सांगायचं, काय दुखतंय, कधीपासून, बीपी-शुगर, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, ऑपरेशन झालंय का, आणि दोनशे रुपये ॲडव्हान्स यूपीआयनं. पुरुषांचं काम पुरुष करतो हे पहिल्याच वाक्यात सांगायचं. एवढ्यावर शंभरातले नको ते सगळे गळतात, कारण यूपीआयवर नाव दिसतं ना. वर फायदा हा की वेळ घेऊन न येणारे पण कमी झाले. पूर्वी शनिवारी दोघंतिघं हमखास दांडी मारायचे आणि फोन उचलायचे नाहीत. आता आदल्या संध्याकाळी व्हॉट्सॲप जातो, सहा तास आधी कळवलं तर ॲडव्हान्स पुढच्या वेळेला, नाहीतर गेला. आणि जाऊ द्यायचा म्हणजे जाऊच द्यायचा, एकदा "राहू दे हो" म्हटलं की नियम मेला.

बाहेरच्या खोलीचा दरवाजा काचेचा करून घेतला, आत बाक, टेबल, रजिस्टर रस्त्यावरून दिसतं. खालच्या मजल्यावरच्या काकांचा चेहरा तेव्हापासून जरा सैल झालाय, काल तर पाठ दाखवायला आले.

१९ ऑगस्ट

सकाळी आठ ते बारा खोली रिकामी असते आणि सकाळी लोकांना मसाज नको असतो, ऑफिस, शाळा. मग सकाळचं काम कुठलं? बाळ-बाळंतिणीचं. घरी जाऊनच करायचं असतं, खोलीची गरज नाही, आणि एकदा लागलं की सव्वा महिना रोज.

त्यासाठी मावशी जोडल्या. पन्नाशीच्या पुढच्या, उभ्या पेठेतली पोरं त्यांच्या हाताखाली न्हाऊन मोठी झालीत. हात असा की बाळ रडता रडता झोपतं. पण काही गोष्टींवर मला त्यांच्याशी बसून बोलावं लागलं आणि ते सोपं नव्हतं, कारण मी त्यांच्या मुलीच्या वयाची आणि मला एकच पोर.

बंद खोलीत निखाऱ्याची शेगडी नाही, कोळशाचा धूर डोळ्यांना दिसत नाही तेव्हाही विषारी वायू साठतो. बाळाच्या नाकाकानात तेल नाही. बाळाच्या छातीची गाठ दाबून "दूध काढायचं" नाही, त्यानं पू होतो. टाळूवर दाब नाही. नव्या बाळाला डाळीच्या पिठानं घासून लव काढायची नाही. मोहरीचं तेल नाही, खोबरेल चालेल. दूध पाजल्या पाजल्या मालिश नाही. आणि सिझर झालेल्या बाईच्या पोटाला टाके भरून डॉक्टर हो म्हणेपर्यंत हात लावायचा नाही, तोवर पाय, पाठ, खांदे करा, दूध पाजून पाजून मान आणि खांदे तर गेलेलेच असतात त्यांचे.

मावशी गप्प ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "शेगडी सोडते. कानातलं तेल सोडते. पण बाळाला पायावर घेऊन अंघोळ घालायची ती मी माझ्याच पद्धतीनं घालणार." म्हटलं घाला की मावशी, ती मलाच शिकवा.

दर ठरला बाळ आणि आई दोघांचं मिळून दिवसाला साडेचारशे, चाळीस दिवसांचे अठरा हजार, दर आठवड्याला हप्ता. मावशींना तीनशे वीस, गाडीला बाकीच्यातून, उरलेले सेंटरला. मार्जिन कमी आहे पण हे काम दुसरंच काहीतरी देऊन जातं. ती बाळंतीण तीन महिन्यांनी स्वतःची पाठ घेऊन येते, मग तिची आई गुडघे घेऊन येते.

४ सप्टेंबर

गणपती चालू आहेत. ढोलपथकातली पोरं खांदे आणि मनगटं घेऊन येतायत, मुलाचे संध्याकाळचे सगळे स्लॉट फुल.

पण आजची नोंद दुसरी. एक गृहस्थ, साठीचे, नुकतेच उत्तरेची लांबची बसयात्रा करून आलेले, पोटरी दुखते म्हणून आले. मुलानं पाय उघडला आणि तेल न लावता मला बाहेर येऊन सांगितलं, ताई एकच पोटरी सुजलीये, दुसऱ्यापेक्षा जाड आहे, आणि हाताला गरम लागतेय. टेप लावून बघितलं तर खरंच फरक. लांबचा प्रवास, एकाच पायाला सूज, गरमपणा, म्हणजे आतल्या शिरेत रक्ताची गाठ असू शकते, आणि चोळली तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. म्हणून मसाज नाही, पैसे परत, आजच्या आज डॉक्टरकडं. ते चिडले. रिक्षा बोलावून पाठवलं.

संध्याकाळी त्यांच्या मुलाचा फोन, डॉपलर (शिरांची सोनोग्राफी) केलं, गाठबिठ काही नाही, गुडघ्यामागची पाण्याची पिशवी फुटून पाणी पोटरीत उतरलंय, उगाच खर्चात पाडलं तुम्ही. आवाज चढलेला होता. मी म्हटलं बरं झालं काही निघालं नाही ते, पण उद्या असाच पाय आला तर परत हेच करणार. दोन्ही गोष्टी बाहेरून एकसारख्याच दिसतात, डॉक्टरलासुद्धा मशीन लावावं लागतं, मग मी हातानं काय ओळखणार?

ते आता परत येणार नाहीत बहुतेक. आमच्याकडच्या मुलाला त्या सेशनचे तीस टक्के दिले.

१७ सप्टेंबर

हिल मॅरेथॉन आटोपली. हा सीझन आमच्यासाठी दिवाळीच्या आधीची दिवाळी. सातारची शर्यत म्हणजे गावातून यवतेश्वरचा घाट चढायचा, वर कासच्या रस्त्याला लागायचं आणि तसंच उतरून परत यायचं. लोकांना चढाची भीती असते पण वाट लावतो तो उतार. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जाता जाता ब्रेक मारत असतो, त्यामुळे शर्यत संपल्यावर नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस जिना उलटा उतरायला लागतो.

रविवारी दुपारी बाहेरगावचे रनर्स येऊन म्हणाले डीप टिश्यू (खोल दाबाचा मसाज) करा, लॅक्टिक ॲसिड बाहेर काढा. ते तासाभरात शरीर स्वतःच साफ करतं, आमच्या हाताची वाट बघत नाही. दुखतं ते स्नायूच्या बारीक इजेमुळे, आणि ताज्या इजेवर कोपर घालणं म्हणजे अजून इजा. त्या दिवशी फक्त हलका हात, अर्धा तास, पायाकडून वर. खोल काम तीन-चार दिवसांनी. मसाजनं दुखणं थोडं कमी होतं, पाय मोकळे वाटतात, पण टायमिंग सुधारत नाही, हे मी सरळ सांगते. पुण्याच्या एका रनर बाई म्हणाल्या, तुम्ही पहिल्याच की ज्यांनी कमी विकलं. त्यांच्या ग्रुपमधून आता दर महिन्याला कासला पळायला येणारी मंडळी परतीच्या वाटेवर इथं थांबायला लागलीत.

सूत्र साधं, सेशन संपल्यावर पुढची तारीख तिथंच विचारायची. "परत कधी येताय?" असं नाही, "पुढच्या बुधवारी साडेसहा चालेल?" असं.

२४ सप्टेंबर

सोमवारपासून जीएसटीचे नवे दर. सलून, जिम, योगा, शरीराच्या निगेच्या सेवा १८ वरून ५ टक्क्यांवर आल्या. पेपरात वाचून आज तिघांनी विचारलं, ताई मग आता दर कमी का? अहो मी जीएसटी लावतच नव्हते! वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत आहे, नोंदणीच नाही, तुमच्या सातशेत सरकारचा रुपया नव्हता. आणि मोठ्या स्पावाल्यांनाही हे ५ टक्के इनपुट क्रेडिट सोडून मिळालेत, म्हणजे भाड्यावर भरलेला कर त्यांना वळता करून घेता येत नाही. एवढं सगळं काउंटरवर समजावून सांगेपर्यंत पुढचा क्लायंट आला.

सीएंनी एवढंच बजावलं, आयकराच्या ४४एडी कलमाखाली (लहान धंद्याचा नफा ठरावीक टक्क्यानं धरतात ते) रिटर्न भरायचं, डिजिटल आलेल्या रकमेवर ६ टक्के नफा धरतात आणि रोखीवर ८, तेव्हा जमेल तेवढं यूपीआयवर घ्या.

१३ ऑक्टोबर

दिवाळी आठवड्यावर. सगळ्यांचा सल्ला, दहाचं पॅकेज काढा, आठच्या पैशात. गेल्या वर्षी एका ओळखीच्या पार्लरवालीनं काढलेलं, दिवाळीत गल्ला भरला, पैसे फराळात आणि फर्निचरमध्ये गेले, आणि मग चैत्रापर्यंत बिचारी फुकट राबल्यासारखी राबत होती. पॅकेजचे पैसे म्हणजे कमाई नाही, हातांवर काढलेलं कर्ज आहे. मी तीनचं काढलं, दोन महिन्यांत संपवायचं, सूट फक्त शंभर रुपये, आणि न वापरलेल्या सेशनचे पैसे वेगळ्या खात्यात, सेशन झालं की तिकडून इकडं.

अभ्यंगाचं मात्र जोरात. नरक चतुर्दशीच्या आधीचे तीन दिवस सगळे भरलेत, बायकांनी सासूला, मुलांनी वडिलांना गिफ्ट दिलंय. एका काकांनी फोन करून विचारलं उटणं तुम्ही लावणार का पहाटे चारला घरी येऊन. म्हटलं काका, चारला मी माझ्याच घरी पणत्या लावत असते.

१८ नोव्हेंबर

एक तारखेपासून तासाला नऊशे केले. महिनाभर आधी बोर्ड लावून, जुन्या सगळ्यांना मेसेज टाकून. माफी मागत नाही लिहिला मेसेज, नुसतं "१ नोव्हेंबरपासून दर असा असेल". कारणं द्यायला लागलं की लोक एकेका कारणावर घासाघीस करतात.

काहीजण गेले. गेले ते बहुतेक तेच जे दर वेळी "शेवटचं किती" विचारायचे. शिक्षक मंडळी टिकली, रनर टिकले, एमआयडीसीतले शिफ्टवाले महिन्याला दोनदाऐवजी एकदा यायला लागले. माझे आता दिवसाला चारच होतात आणि गल्ला मे एवढाच, उलट थोडा वर. अंगठ्याची कळ सप्टेंबरात थांबली होती, अजून आलेली नाही. दिवसातून दोनदा हात गरम पाण्यात, दोन क्लायंटच्या मध्ये पंधरा मिनिटं मोकळी, हे बुकिंगमध्येच बंद करून ठेवलंय, कुणी कितीही अडवलं तरी तिथं माणूस बसत नाही.

एक डिस्काउंट ॲपवाला येऊन गेला, निम्म्या दरात गिऱ्हाईकं आणून देतो म्हणाला. चहा पाजून परत पाठवला.

६ जानेवारी २०२६

साहित्य संमेलन झालं, नव्व्याण्णवावं, आपल्या साताऱ्यात. चार दिवस गाव नुसतं ओसंडत होतं, शाहू स्टेडियमकडं गाडी न्यायची सोय नाही. आमची नेहमीची गिऱ्हाईकं गर्दीला घाबरून आलीच नाहीत, पण संपल्यावर कालपासून स्वयंसेवक यायला लागलेत, दिवसभर उभं राहून टाचा गेलेल्या, आणि पुस्तकांच्या स्टॉलवाले, खोकी उचलून कंबर धरलेले. एका प्रकाशकांच्या माणसाला टेबलावर झोपवलं तर दहा मिनिटांत घोरायला लागले. मुलानं विचारलं, ताई उठवू का? म्हटलं कर तुझं काम, वेळ झाली की उठव.

मावशींकडं सध्या एकाच वेळी तीन बाळंतिणी, त्यांना मदतनीस हवीय. त्यांनीच भावजयीची मुलगी आणलीये, महिनाभर नुसती सोबत जाऊन बघेल, हात लावणार नाही. ही अट मावशींनी घातली, मी नाही.

२० जानेवारी

रविवारी मुंबई मॅरेथॉन झाली, ग्रुपमधले सहा-सात जण पळून आले, आज-उद्या-परवा त्यांचेच पाय. बराचसा सपाट रस्ता असल्यामुळे मांड्या ठीक आहेत पण पोटऱ्या आणि तळवे दगड. एकाच्या अंगठ्याचं नख काळं, त्याला हात न लावता बाकीचं केलं.

जूनचा हिशोब आणि डिसेंबरचा हिशोब शेजारी ठेवून बघितला. माझे हातांचे तास जवळजवळ एक तृतीयांश कमी, सेंटरची कमाई वर, त्यातला मोठा वाटा मुलाचा आणि मावशींचा. मुलाला पगार अकरा हजार करतेय फेब्रुवारीपासून, तो मागायच्या आधीच, कारण पुण्याच्या एका स्पाकडून त्याला विचारणा आलेली मला माहितीये आणि त्यालाही माहितीये की मला माहितीये.

शेजारची गाळ्याची खोली रिकामी होतेय. मालक बारा हजार म्हणतायत, मी नऊ. सरकारच्या मुद्रा योजनेतून किशोर गटातलं लोन मिळेल, बँकेतल्या साहेबांनी कागद सांगितलेत, पण खोली घेतली तर तिसरा माणूस लागणार आणि तयार माणूस मिळत नाही, तयार करावा लागतो, सहा महिने. तेव्हा आधी माणूस, मग खोली. मालकांना गुढीपाडव्यापर्यंत थांबा म्हटलंय, थांबले तर ठीक.

उद्याची कामं: सोडा संपलाय, दोन किलो. ठोकळ्यांचं एक रबर निघालंय, सुतारकाकांना फोन. तीळतेलाचा डबा घाण्यावरून आणायचा, संक्रांतीनंतर तिळाचा भाव उतरला का विचारून. साडेसहाच्या बाईंना फोन करून विचारायचं, चौथा महिना लागला म्हणाल्या होत्या, डॉक्टरांचं पत्र घेऊन या म्हणून सांगायचंय.